मुद्दाम उरवलेला भात

आमच्या घरी भात उरत नाही, उरवला जातो. आणि उरवणारे नेहमी अकोल्याचे असतात.

बायकोचं माहेर अकोल्याला, जठारपेठेत. आम्ही अमरावतीला, साईनगरात. मधे शंभरेक किलोमीटर. एवढ्या अंतरात माणसाला भूक कुठं लागते, कुठं भागते आणि कुठं मरते, याचा अंदाज बांधण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. माझे साळे गाडीत बसले की फोन करतात, "ताई, निंगालो." जेवून निघाले की जेवायला निघाले, हे त्या फोनमध्ये कधीच नसतं. आणि आपण विचारावं, तर तेही बरं दिसत नाही. 'जेवून येणार का?' असं पाहुण्याला विचारणं म्हणजे 'जेवून या' असं सुचवणं, असा आमच्या वऱ्हाडात अर्थ निघतो. आणि एकदा निघालेला अर्थ लग्नाकार्यात वीस वर्षं तरी परत आत जात नाही. म्हणून फोन आला की ही गुपचूप आठ जणांचा भात टाकते. दोन तासांनी साळे सोफ्यावर टेकतात, घटाघटा पाणी पितात आणि म्हणतात, "जेवाचं काई करू नको वो ताई. आमी मूर्तिजापूरलेच खाऊन घेतलं. तुले कायले तरास?"

रस्ता खराब होता तेव्हा हा घोळ होत नव्हता, हे मी जबाबदारीनं सांगतो. वर्षानुवर्षं रखडलेल्या त्या रस्त्यावर मूर्तिजापूरला पोटात गेलेली कचोरी बडनेरा येईपर्यंत खड्ड्याखड्ड्यांनी पार जिरून जायची आणि पाहुणा दारात उतरायचा तो भुकेला, कावलेला, मिळेल ते खायला तयार. मग जून 2022 उजाडला. 3 तारखेला सकाळी काम सुरू झालं, आणि लोणी ते माना या टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत एका लेनच्या हिशोबानं 75 किलोमीटर डांबरीकरण करून 7 तारखेला लोक मोकळे झाले. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, तो अमरावती-अकोल्यानं मोडला म्हणून आम्हीही छाती फुगवून घेतली. पण या विक्रमाचा स्वयंपाकघरावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास कुणी केला नव्हता. आता गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. मूर्तिजापूरची कचोरी जशीच्या तशी अमरावतीत येते आणि आमचा भात उरतो.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी असाच भात उरला. रविवारी अकोल्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्यासाठी साळे बहिणीला न्यायला आले होते. रविवारी सकाळी सातला ती त्यांच्यासोबत निघाली. निघताना मला एकच वाक्य बोलली, "फ्रीजमधे भात हाय, पाहून घ्या." या 'पाहून घ्या'चे अर्थ संसारात पुष्कळ होतात. मी त्याचा अर्थ, आज घरच्यांसाठी फ्राइड राइस करावा, असा घेतला.

फ्रीज उघडला. मधल्या कप्प्यात स्टीलचा मोठा डबा. त्याच्या अवतीभवती वाट्या, प्रत्येकीवर दुसरी वाटी झाकण म्हणून. एका वाटीत दोन फोडी वांग्याची भाजी, दुसरीत पाटवडीचा रस्सा (वडी एकही नाही, रस्सा तेवढा), तिसरीत कालच्या गिल्या वड्यासोबत आलेली हिरवी चटणी, चौथीत काय ते मला सांगता आलं नाही, आणि आईलाही नाही. ही चौथी वाटी आमच्या घरी कुणी फेकत नाही आणि कुणी खात नाही. ती फ्रीजच्या सोबतच आली असावी. शिवाय अर्धा पत्ताकोबी, तीन गाजरं, मरगळलेली एक शिमला मिरची आणि तुरीचे सोले. मटर नव्हते. जानेवारीत वऱ्हाडात मटर कोण विकत घेतो? गावाकडून तुरीच्या ओल्या शेंगा पोत्यानं येतात, घरातला प्रत्येक माणूस टीव्हीसमोर बसून त्या सोलतो आणि मग मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत ज्यात त्यात सोले पडतात.

डबा ओट्यावर ठेवला आणि आई आली. आईचं वय चौऱ्याऐंशी, माहेर दर्यापूरकडच्या एका खेड्यातलं, आणि नाक अजून पंचविशीतलं.

"काय करून राह्यला बाप्पा?"

"भात करतो, आई. फ्राइड राइस."

"भात तं झालेला हाय. शिया हाय ना हा?"

आता हा शब्द. पुस्तकात 'शिळा' असतो, आमच्याकडे 'शिया'. ळ चा य करून आम्ही वऱ्हाडी माणसांनी काळ्याला काया केलं, डोळ्याला डोया केलं; पण शिळ्याचा शिया केल्यानं त्याचा ताजेपणा काही वाढला नाही. नेमका कोणता भात शिया, यावर घरात एकमत नाही. आईच्या मते, भातावरून रात्र गेली की तो शिया. बायकोच्या मते, पाहुण्यांना सांगितलं तर शिया. धाकटा नववीत आहे. फ्रीजमधून निघालेली कोणतीही वस्तू त्याच्या मते ताजीच असते, कारण आत लाइट लागतो. आणि थोरली मायक्रोबायॉलॉजी शिकते, त्यामुळे तिच्यासमोर शिळं खाणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं.

"बाबा, भात फ्रीजमधे किती वाजता गेला?"

"रात्री गेला."

"रात्री किती वाजता? बॅसिलस सिरियस माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हता. तिनं सांगितलं. तांदळात या जंतूची बीजं असतात. ती बेटी अशी चिवट की भात शिजला तरी मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला, की ती जागी होतात, वाढतात आणि विष करून ठेवतात. पुढं तुम्ही कितीही फोडणी घाला, कितीही परता, जंतू मरतील पण काही विष तसंच राहतं. म्हणून भात पसरून लवकर गार करायचा, तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाकायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा. हे सगळं ती एका दमात बोलली, कारण पुढच्या आठवड्यात तिचा पेपर होता.

आईनं मधेच डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, दोन शितं बोटात धरून चोळली, बोटं फाकवून पाहिली. "तार नाई सुटत. वास नाई. चालते," असं म्हणून तिनं निकाल दिला. थोरलीचा पेपर लिहून व्हायचा होता, तोवर आजीचं प्रॅक्टिकल झालं होतं. (आईच्या बाजूनं एक सांगायला पाहिजे. अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकला असताना, फ्रीज नसलेल्या घरात ज्या बाईनं पाच लेकरं कुणालाही हगवण न लागू देता वाढवली, तिच्या नाकाला काहीतरी पदवी द्यायला हवी.)

भात फेकण्याचा तर प्रश्नच नव्हता. तो आमच्या मुलखात येत नाही. अकोल्याहून तासाभराच्या वाटेवर शेगाव. तिथं 23 फेब्रुवारी 1878 ला देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची भाताची शितं एक दिगंबर तरुण वेचून खाताना बंकटलालांनी पाहिला. ते गजानन महाराज. ज्या संताची पहिली ओळखच उष्ट्या शितांवरून झाली, त्याचा फोटो स्वयंपाकघरात लावून भात कचऱ्यात कसा टाकायचा? आणि त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, तारीखही तीच, 23 फेब्रुवारी, शेंडगावला गाडगेबाबा जन्मले. जे कुणी वाढेल ते मातीच्या गाडग्यात घ्यायचं, त्यातच कालवून खायचं आणि वाढणाऱ्याचं अंगण झाडून द्यायचं. शेगावचे महाराज फ्रीजच्या वर, गाडगेबाबा कॅलेंडरवर. दोघांच्या मधे उभं राहून उरलेला भात बाहेर टाकायची हिंमत माझ्यात नाही. चौथी वाटी फेकायचीही नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

डबा उपडा केला. भट्टीवर साच्यातून वीट पडावी तसा भात कोपरात, म्हणजे परातीत, पडला, धप्पकन. चारही बाजू गुळगुळीत. मी सराट्यानं टोचला, तर त्याचे तीन तुकडे झाले. पुन्हा टोचला, तर सहा. तुकडेच होत होते, भात काही होत नव्हता.

"सराटा ठेव तिकळे. हातानं कर," आई म्हणाली आणि कोपर मांडीवर ओढून बसली. बोटं पाण्यात बुडवली, झटकली. मग अंगठा आणि दोन बोटं यांच्यात एक ढेकूळ धरून नुसतं हळूच फिरवायचं. दाबायचं नाही. ढेकूळ आपोआप सुटतं आणि शितं खाली पडतात, एकेक, आख्खी. बोंडाची पाकळी न मोडता कापूस ओढून घेणाऱ्या त्याच बोटांची ही कामगिरी होती. मी करायला गेलो, तर माझ्या बोटाला लगदा चिकटला. दहा मिनिटांत तिनं आठ माणसांचा भात मोकळा केला. माझ्या वाट्याला आलेलं एक ढेकूळ मात्र शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिलं.

भात होता एचएमटी. आमच्या वऱ्हाडात पिकतो कापूस, तूर, सोयाबीन. भात येतो तो पूर्वेकडून, धानाच्या मुलखातून. एचएमटी ही जात शोधली चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. दीडेक एकराचा शेतकरी, कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढलेला. 1980 च्या दशकात आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्या काळात एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळाला तेच नाव पडलं. दादाजी 2018 मध्ये गेले, गरिबीतच गेले. घड्याळ कंपनी बंद पडली, तांदूळ चालू आहे. आणि घरात ज्या तांदळाला घड्याळाचं नाव आहे, तो शिळा नेमका किती वाजता झाला, यावर आम्ही भांडत बसतो.

हा भात रात्रभर गार राहिला की फ्राइड राइसला उत्तम होतो, हेही थोरलीनंच सांगितलं. शिजताना तांदळातलं पिष्ट फुगतं, मऊ होतं, चिकट होतं. गार झालं की त्यातलं अमायलोज पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि शीत ताठ होतं. ताज्या भाताचा फ्राइड राइस करायला गेलं की गुरगुट्या होतो. म्हणजे शिळेपणा इथं दोष नसून पात्रता आहे. नोकरीत माझी ही गोष्ट कुणी लक्षात घेतली असती, तर मी बढती घेऊन निवृत्त झालो असतो.

कढई तापवली. फल्लीचं तेल टाकलं. जिरं टाकायला हात गेला, तर धाकटा ओरडला, "बाबा, जिरं नाही!" मग हिंग. "हिंग नाही!" हळद. "बाबा!!" थोडक्यात, आमच्या घरी शंभर वर्षांपासून तेलात जे जे पडत आलं, ते पडलं नाही की त्याला फ्राइड राइस म्हणायचं. लसूण, कांदा, पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, सोले. भाजी शिजवायची नाही, घाबरवायची फक्त, असं चायनीजच्या गाडीवरचा पोरगा म्हणतो. त्याच्या शेगडीतून विमान उडेल एवढी आग निघते. आमच्या घरच्या बर्नरवर भाजी घाबरली नाही, आरामात बसून घाम सोडत राहिली.

आता काळा सॉस. बाटली सापडली, पण तिच्यावरची तारीख कोरोनाच्या आधीची होती. मग ड्रॉवर उघडला. प्रत्येक पार्सलसोबत आलेल्या पुड्या आमच्याकडे साठवल्या जातात. त्यात टोमॅटो सॉस, कुटलेली मिरची, ओरेगॅनो, आणि तळाशी सोया सॉसच्या चार. फाडून ओतल्या.

आई वाकून पाहत होती. "हे काय टाकलं रे? गाळीचं आइल हाय का?"

"सोया सॉस आहे, आई. सोयाबीनचा."

"सोयाबीनचा?" आईचा चेहरा उजळला. "मंग भाव कमी काऊन देतेत मेले?" या प्रश्नाचं उत्तर कृषिमंत्र्यांकडे नाही, तर माझ्याकडे कुठून असणार?

भात टाकला, वरून मीठ भुरभुरलं. इथंच चुकलो. भात शिजतानाच त्यात मीठ पडलेलं होतं, सोया सॉस म्हणजे तर काळं मीठपाणीच, आणि वरून माझी मूठ. परतून चव घेतली, तर जिभेला मुंग्या आल्या. थोरलीनं लिंबू पिळलं. धाकट्यानं आजीपासून लपवून वेगळ्या तव्यावर दोन अंडी फोडली होती, ती त्याच्या ताटापुरती मिसळली. आईनं शांतपणे आपल्या ताटातल्या भातावर दही घेतलं, सांबार भुरभुरला. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना हे एकदा सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते वाटी घेऊन बसतात.)

"कसा झाला?" मी विचारलं. करणाऱ्यानं हे विचारू नये, पण पुरुषांना राहवत नाही.

"चांगला झाला ना," आई म्हणाली. "फोडनीचा भात तुले पयलेपासून जमते."

"आई, हा फोडणीचा भात नाही."

"मंग काय सोलेभात होय?"

मी गप्प बसलो. चीनमधल्या यांगझोऊ शहराचा फ्राइड राइस जगात नावाजलेला. तिथल्या लोकांनी त्यात काय घालायचं, काय नाही, याचं अधिकृत प्रमाण काढून ठेवलं आहे. 22 ऑक्टोबर 2015 ला त्यांनी तीनेकशे आचारी लावून 4,192 किलो फ्राइड राइस एका दमात केला, गिनीजचा विक्रम करायला. झालाही. पण त्यातला काही भात डुकरांच्या खाद्याला गेल्याचं उघड झालं आणि गिनीजवाल्यांनी विक्रम रद्द केला. त्यांचा नियमच आहे की केलेलं अन्न माणसांच्या पोटात गेलं पाहिजे. म्हणजे ज्या पदार्थाचा जन्म उरलेल्या भातातून, तोच पदार्थ त्यांनी उरवून दाखवला. त्यांच्या शहरात एखादी दर्यापूरची म्हातारी असती, तर आज तो विक्रम टिकून असता. आमच्या कढईत त्या दुपारी एक शीत उरलं नाही. खारट होता, तरी.

संध्याकाळी बायको आली. तिळगुळ दिला, हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेली प्लॅस्टिकची चाळणी दाखवली, फ्रीज उघडून रिकामा डबा पाहिला. धाकटा म्हणाला, "आई, बाबांनी फ्राइड राइस केला, एकदम भारी." ती काही बोलली नाही. पंचवीस वर्षांत तिनं शिळ्या भाताचं किमान पाचशे वेळा काहीतरी केलं असेल, आणि एकदाही कुणी त्याला भारी म्हटलं नव्हतं. मला ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं मंगळवारी.

पण पोरांनी पुढच्या रविवारची ऑर्डर देऊन ठेवली. आली का पंचाईत? त्या आठवड्यात पाहुणा नाही, अकोल्याचा फोन नाही, भात रोज मोजून चार वाट्या आणि रोज संपतो. भात उरायला घरात चूक व्हावी लागते, आणि चूक ठरवून कशी करायची? शेवटी शनिवारी संध्याकाळी बायकोनंच हात पुढं केला. सातला गंजात आठ जणांचा भात टाकला, मीठ न घालता. कोपरात पसरून पंख्याखाली गार केला. थोरलीनं घड्याळ लावून वेळ मोजली आणि आठ वाजून दहा मिनिटांनी डबा फ्रीजमध्ये गेला. झाकणावर तिनं चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये. उद्याचा शिळा भात.' आम्ही पोळी-भाजी खाऊन झोपायला निघालो. पाच पोळ्या उरल्या होत्या. सकाळी त्यांचा कुस्करा करता येईल, असं बायको म्हणाली.

पावणेदहाला बेल वाजली. दारात साळे, त्यांची बायको, दोन पोरं आणि सासूबाई. नागपूरला लग्नाला गेले होते, अकोल्याला परत जात होते. फोन नाही, काही नाही.

"या ना भाऊ, या. जेवून आले असाल ना?" मी विचारलं. म्हणजे, माझ्या तोंडून निघून गेलं.

क्षणभर कुणी बोललं नाही. बायकोनं माझ्याकडं पाहिलं ते मला पुढची वीस वर्षं पुरेल.

"कायचं जेवन भाऊजी," साळे बूट काढत म्हणाले. "बुफेत ते गर्दी. ताट घेऊन उभं राह्यलो, पनीरपाशी पोचलो तं पनीर खतम. रस्त्यानं कुठी थांबलो नाई. म्हटलं ताईकडे वरण-भात खाऊ."

वरणाचा कुकर लागला. डबा फ्रीजमधून निघाला. चिठ्ठी बायकोनं नखानं खरवडून काढली, आणि पाण्याचा हात मारून भात वाफेवर ठेवला. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्या वाफेकडं बघत होता. लोणचं, तूप, भाजलेला पापड. पंगत बसली. एकेक शीत वेगळं, शुभ्र, पिवळ्या वरणात पोहत होतं.

"ताई, भात मस्त मोका झाला वो," साळे म्हणाले. "ताजाच टाकला का आमच्यासाठी?"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, "ताजाच हाय बाप्पा. शिया तं थो उद्या होनार होता."

साळ्यांनी आणखी वाढून घेतला.